१९७० ची शेव्हर्ले सी-१०: सहा सिलिंडर ठेवू की व्ही-८ घालू?

पिकअप_पाटील (फ्रिस्को, टेक्सास)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत मी एक उद्योग करून ठेवलाय. ॲमरिलोच्या पलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात १९७० ची शेव्हर्ले सी-१० उभी होती, ती उचलून आणली. लांब हौदा, टू-व्हील ड्राइव्ह, रंग एकेकाळी हिरवा असावा. बायकोने विचारलं, "फ्रिस्कोत कुठल्या कारखान्याला ऊस घालणार आहेस?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. फलटणला आजोबांची फार्गो होती. मी पाच वर्षांचा असताना बंद पडलेल्या त्या ट्रकच्या बोनेटवर बसून काढलेला एक फोटो घरी आहे. बस, एवढंच कारण.

गाडीत काय काय आहे ते सांगतो. इंजिन २५० घनइंचांचं, म्हणजे ४.१ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत. वर एकाच नळीचा रॉचेस्टर कार्ब्युरेटर. गिअर तीन, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर. ॲम्बॅसॅडर किंवा पद्मिनी चालवलेल्यांना सांगायला नको. ब्रेक चारही चाकांना ड्रम. पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनमध्येच! वळणावर पेट्रोल डुचमळल्याचा आवाज थेट पाठीशी येतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा घामच फुटला.

आता दुखणी. एक, टोलवेवर ६५ मैलांवर गेलो की बोनेटखाली पिठाची गिरणी सुरू होते. शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. लोक हसत हसत ओव्हरटेक करतात. दोन, पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर मध्येच अडकतो. परवा सिग्नलवर अडकला. मी उतरलो, बोनेट उघडलं आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी असलेले दोन खटके हाताने सरळ केले. मागच्या टेस्लावाल्या बाईने आधी हॉर्न दिला, मग फोन काढून शूटिंग केलं.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून अर्धा मिनिट बघितलं आणि निकाल दिला: "हे काढून टाका. ३५० घनइंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-८ आणि तीन गिअरची ऑटोमॅटिक बसवतो, हायवेवर उडेल." आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. आतेभाऊ म्हणतो ३५० पण जुनं झालं, सरळ एलएस, म्हणजे शेव्हर्लेचं नव्या पिढीचं व्ही-८, घाल.

मला शर्यत लावायची नाही. शनिवारी फिरायचं, कधी ऑस्टिनपर्यंत जायचं, हौद्यात खताची पोती आणि पोरांच्या सायकली. हाताचा गिअर राहिला तर आवडेल. काय करू?

---

एलएस_भाऊ (ह्यूस्टन)

आतेभाऊ शहाणा आहे, त्याचं ऐका. :)

भंगारात १९९९ ते २००७ मधल्या शेव्हर्लेच्या सिल्वेराडो पिकअप पोत्याने पडल्यात. त्यातलं ५.३ लिटरचं व्ही-८ आणि त्याच गाडीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक एकत्र उचलायचा. लोखंडी ब्लॉक, मरत नाही. मी १९६८ च्या सी-१० मध्ये घातलंय. सकाळी थंडीत चोक नाही, पंपिंग नाही, किल्ली फिरवली की सुरू. तुमचं ते सहा सिलिंडर शेतातल्या पंपाला जोडा.

---

डेट्रॉईटची_काकू (ट्रॉय, मिशिगन)

भाऊ, किल्ली फिरवल्यावर सुरू होते हे कळलं. थांबते कशी ते सांगा.

पाटील, मी निवृत्त होईपर्यंत ब्रेक टेस्टिंगमध्येच होते, म्हणून माझं तुणतुणं आधीच माफ करा. १९७० म्हणजे अगदी चुकीच्या बाजूचं वर्ष पडलं तुमचं. १९७१ पासून या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच यायला लागले. तुमच्याकडे चारही ड्रम. कोरड्या रस्त्यावर, एकदा दाबला तर उत्तम थांबतात. पण उतारावर चार-पाच वेळा दाबले की ड्रम तापतो, फुगतो आणि पॅडल खाली खाली जायला लागतं. पावसात पाण्यातून गेलात तर एखादं चाक आधी धरतं आणि गाडी तिरकी ओढते. हे सगळं १५५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला चालून जातं, कारण मुळात वेगच येत नाही. ३५० घातलंत की वेग येईल, ड्रम मात्र तेच.

जाता जाता एक हिशेब सांगते, कारण जाहिरातींत लोक फसतात. १९७० चे १५५ हे 'ग्रॉस' आहेत, म्हणजे इंजिन टेबलावर, ना सायलेन्सर ना पंख्याचं ओझं. १९७२ ला कंपनीने 'नेट', म्हणजे हे सगळं ओझं लावून मोजलेले, आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा हेच २५० चं इंजिन ११० वर आलं आणि ३५० थेट १७५ वर. मधल्या काळात कॉम्प्रेशनही थोडं उतरवलं होतं, पण बराचसा फरक मोजण्याचाच. तेव्हा '२५५ हॉर्सपॉवरचं ३५०' असं कुणी विकायला आलं तर ते कुठले घोडे ते विचारा. आणि ते ३५० च आहे का तेही. ३०७ घनइंचांचं इंजिन बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं. ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतकामातला नंबर असतो, तो खरवडून वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

पुढे डिस्क बसवायचे झाले तर १९७१-७२ च्या गाडीचा पुढचा संच या चासीला बसतो. पण गंमत अशी की तुमच्या चाकांना सहा नट आणि त्या वर्षांच्या सी-१० ला पाच. पुढे पाच, मागे सहा, मग स्टेपनी कुठली ठेवणार? सहा नटांच्या डिस्कचे संच बाजारात मिळतात, तेच घ्या.

---

उद्यमनगरवाला (मूळ कोल्हापूर, सध्या मुलाकडे एडिसन, न्यू जर्सी)

पाटील, तुझ्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, पण गाडीखाली वाकून बघितलं का? नाही ना? मग त्याने नाडी न बघताच औषध दिलं.

तुझी तक्रार काय? ६५ ला इंजिन किंचाळतं. गाडी चढत नाही, ओढत नाही, तेल खाते, धूर काढते, असं तू एका शब्दानेही म्हटलेलं नाहीस. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. ते जास्त फिरतंय, एवढंच. आणि किती फिरायचं हे इंजिन ठरवत नाही लेका, मागच्या ॲक्सलमधली दातेरी जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, ठरवतं.

हिशेब कर. ताशी मैल गुणिले क्राऊन-पिनियनचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. टायर २८ इंची धरू. वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक. रेशो ३.७३ असेल तर ६५ मैलांना इंजिन मिनिटाला २,९०० फेरे घेतं. ४.११ असेल तर ३,२००. ३.०७ असेल तर २,४०० च्या आत.

आता तुझ्या गॅरेजवाल्याचा प्रस्ताव घे. ३५० व्ही-८ आणि त्यामागे तीन गिअरची ऑटोमॅटिक. तिचाही तिसरा गिअर एकास एकच! म्हणजे हजारो डॉलर घालून, मागचं क्राऊन-पिनियनचं हौसिंग तेच ठेवून, ते नवं इंजिनही ६५ ला तेवढेच फेरे घेणार. फक्त सहाऐवजी आठ सिलिंडर किंचाळतील.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९६६ साली मी उद्यमनगरात एका वर्कशॉपला हाताखाली होतो, वय सोळा. तेव्हा पेट्रोलचे डॉज नि फार्गो पुष्कळ होते. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या नव्या ट्रकांत पर्किन्सचं पी-६ डिझेल यायला लागलेलं, तेव्हा जुन्या पेट्रोलवाल्यांनाही तेच हवं झालं. आम्ही पेट्रोल इंजिन काढायचो, पर्किन्स बसवायचो, मालक नारळ फोडून जायचा. आणि आठवड्याने परत यायचा: "ओढती झकास, पण पळत का नाही?" पळणार कशी? डिझेल पेट्रोलइतकं वर फिरत नाही, आणि मागचं क्राऊन-पिनियन पेट्रोलच्या हिशेबाचं. आमचे मिस्त्री प्रत्येकाला एकच सांगायचे, "पुढं बदललं तर मागं बी बदलाय लागतंय." तिथं इंजिन कमी फिरत होतं, तुझं जास्त फिरतंय. दुखणं तेच, उलट्या अंगाने.

आधी मोज. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचल आणि खाली स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. चाकाला आणि प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण कर. ते एक चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फिरतो ते मोज. दोन का, तर दुसरं चाक जमिनीवर आहे आणि डिफरन्शियल निम्मं वाटून घेतं. पावणेचार फेरे आले तर ३.७३. चार आणि वर थोडं आलं तर ४.११. तीन आणि किंचित आलं तर मी हरलो, मग इंजिनाकडे बघू.

गिअर अडकतो त्याचं तर काहीच नाही. स्टिअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत ज्या दोन सळ्या जातात त्यांचे बुश झिजलेत. एक खटका जागेवर यायच्या आत दुसरा हलतो, म्हणून अडकतं. डझनभर डॉलरचं काम.

---

पिकअप_पाटील

काका, दंडवत.

आज सकाळी मोजलं. मुलगा अकरा वर्षांचा, तो चाकाजवळ, मी बाजूने बॅटरी घेऊन आडवा. पहिली पाच मिनिटं चाक हलेचना. डाव्या पायाखालचा पार्किंग ब्रेक दाबलेलाच होता. तो सोडला. मग पोराने चाक गरागरा फिरवलं आणि विचारलं, "किती झाले?" मी मोजायला सुरुवातच केली नव्हती. तिसऱ्यांदा नीट जमलं. एक, दोन, तीन, चार... आणि चाकाचा दुसरा फेरा पूर्ण झाला तेव्हा शाफ्टवरची खूण चौथ्या फेऱ्याच्या पुढे अंगठ्याएवढी सरकलेली. परत केलं, तेच.

४.११.

हातमोज्यांच्या कप्प्याच्या झाकणाला आतून कारखान्याचं लेबल असतं, त्यावर सगळे पर्याय छापलेले असतात असं नंतर वाचलं. बघायला गेलो तर निम्मं लेबल उंदरांनी खाल्लंय. जे उरलंय त्यावर रंग वाचता येतो. हिरवाच होता.

मग राहवेना म्हणून त्या शेतकऱ्यालाच फोन लावला. तो हसला. म्हणाला, वडिलांनी नवीन घेतानाच मुद्दाम तसं मागवलं होतं, गुरांचा ट्रेलर ओढायला. आयुष्यात कधी ५० च्या वर नेली नाही म्हणे.

आता प्रश्न बदलला. ३.०७ घालू, की ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वरच्या गिअरला शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा, गिअरबॉक्स?

---

ओहायो_ओक (डेटन)

दोन्ही एकदम नको, एवढं आधी ऐका. मी तो मूर्खपणा केलाय. माझी फोर्ड एफ-१००, आत ३०० घनइंचांचं सहा सिलिंडर. (हे इंजिन फोर्डने १९६५ ते १९९६ बनवलं, आणि शेव्हीवाल्यांनी काहीही म्हटलं तरी सहा सिलिंडर म्हणजे हेच. असो.) मागे ३ च्या आसपासचा रेशो होता, वर मी हौसेने ओव्हरड्राइव्ह घातला. ६५ ला इंजिन १,७०० वर. ऐकायला छान वाटतं, पण समोरून वारा आला की गाडी धापा टाकायची आणि मी सारखा एक गिअर खाली. ओव्हरड्राइव्ह फक्त उतारावर वापरायचा दागिना झाला.

तुमच्या बाबतीत ४.११ तसाच ठेवून पाच गिअरचा बॉक्स घातला तर हिशेब सुरेख बसतो. १९९० नंतरच्या शेव्ही पिकअपमध्ये एनव्ही-३५०० येतो, त्याचा पाचवा ०.७३. ४.११ गुणिले ०.७३ म्हणजे बरोबर ३.००. तुमच्या २५० ची आणि शेव्ही व्ही-८ ची बेलहौसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) भोकं सारखीच असतात, म्हणून तो तुमच्या इंजिनालाही लागतो. उद्या कधी खरंच व्ही-८ घातलंत तरी बॉक्स तोच चालेल. पण त्याचा क्लच हायड्रॉलिक, प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागणार आणि फरशीला भोक पाडून गिअरचा दांडा खालून येणार. स्टिअरिंगवरचा गिअर गेला.

कुणी चार गिअरचा जुना 'ग्रॅनी' बॉक्स, एसएम-४६५, सुचवेल. घेऊ नका. त्याचा पहिला ६.५५, तो नांगरटीला. आणि चौथा पुन्हा एकास एक. तुमचं दुखणं जसंच्या तसं.

---

एलएस_भाऊ

बरं, आता खरं सांगतो. माझं ५.३ स्वस्तात आलं, पण मग त्याला ५८ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लागला, म्हणून टाकी बदलली. वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर, ऑइल पॅन, रेडिएटर, सायलेन्सरचे पाइप. इंजिनाच्या किमतीच्या तिप्पट बाकीच्यात गेले आणि गाडी चौदा महिने स्टँडवर उभी होती. आवडते मला, परत करेन. पण तुम्हाला येत्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन ऑस्टिनला जायचं असेल तर माझ्या वाटेला येऊ नका. ब्रेक मी त्याआधीच केले होते काकू, पुढे डिस्क आहेत.

---

डेट्रॉईटची_काकू

हे आधी सांगायचं ना भाऊ. नावं ठेवली ती मागे घेते.

---

उद्यमनगरवाला

पाटील, स्टिअरिंगवरचा गिअर तुला आवडतो, हे तू सिग्नलची गोष्ट ज्या चवीने सांगितलीस त्यावरूनच कळलं. मग ३.०७ घाल. तुझ्या २५० ची ओढ १,६०० फेऱ्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असते. २,४०० ला ते खुशीत चालेल, चौकटीवर बसून सुपारी कातरत बसल्यासारखं. ट्रेलर तुला ओढायचा नाहीच. पहिल्या गिअरमध्ये उठताना जरा क्लच सांभाळावा लागेल, खताची पोती असताना विशेष.

क्राऊन-पिनियन एकटं घेतलंस तर आतला कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो) त्याला चालतो का ते विचारून घे, काही रेशोंना वेगळा लागतो. नवीन बसवायचं तर दातांची चाल आणि बेअरिंगचा ताण मोजता येणारा माणूस हवा, नाहीतर रात्रंदिवस कोल्हा ओरडल्यासारखा आवाज येईल. त्यापेक्षा भंगारातून ३.०७ चं अख्खं हौसिंग मिळालं तर उत्तम. झाकणाचे बोल्ट मोज, बारा पाहिजेत, आणि चाकाचे नट सहा. विकणारा काहीही म्हणो, तिथेच खडू काढून फेरे मोजायचे.

---

पिकअप_पाटील

ठरलं. या क्रमाने: बुश आले, काल बसवले, गिअर आता लोण्यातून गेल्यासारखा पडतो. काकूंच्या सांगण्यावरून सहा नटांचे डिस्क मागवलेत, ते आधी. हौसिंगसाठी ओक्लाहोमातल्या एका भंगारवाल्याशी बोलणं झालंय, तो ३.०७ म्हणतोय. रविवारी खडू घेऊन जातो. २५० जागेवरच राहील. त्या गॅरेजवाल्याला 'नको' कळवलं, तो म्हणाला पस्तावाल.

अजून काही राहिलंय का काका?

---

उद्यमनगरवाला

राहिलंय. स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून फिरते, आणि ३.०७ घातल्यावर तेवढ्याच मैलाला शाफ्ट कमी फिरणार. तू ६५ ला असशील तेव्हा काटा ४८ दाखवेल. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा गिअर असतो, त्याचे दात मोज आणि त्या हिशेबाने कमी दातांचा मागव. तोपर्यंत काट्यावर भरवसा ठेवून ऑस्टिनला जाऊ नकोस. टेक्सासच्या पोलिसाला क्राऊन-पिनियन समजावत बसशील.

---

पिकअप_पाटील

दात मोजायला पोराला बसवलंय. दोनदा मोजले, दोनदा वेगळे आले.